एकाच प्रोग्रामचे दोन निकाल: पातळ पट्टीतल्या सॉलिटॉनचं एक प्रकरण

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या घरी एका रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडे होते. दोन्हींवर प्रोग्राम एकच, स्फटिकातून प्रकाश कसा पुढे जातो ते दाखवणारा. आत सोडलेली प्रकाशाची शलाकाही तीच. डावीकडच्या पडद्यावर शलाका थोडं अंतर गेली, रुंद झाली आणि विरून गेली. उजवीकडच्या पडद्यावर ती जागच्या जागी थांबली होती, जरा फुगत, जरा आकसत, ठोके दिल्यासारखी. पोहे निवत होते आणि दोघंही माझ्याकडे बघत होती.

ही दोघं एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची. मी निवृत्त शिक्षक, अधिकृत मार्गदर्शक नाही, फक्त अडलं की येतात. नावं घेत नाही. ती ऐरोलीहून येते, तो खारघरहून, म्हणून लिहिण्यापुरतं तिला ऐरोली म्हणतो आणि त्याला खारघर. पनवेल-ठाणे गाडीत तो आधीच बसलेला असतो, ती ऐरोलीला चढते. तिथून ठाणं ते किती लांब! पण त्या दिवशी त्यांचं भांडण तेवढ्यात मिटलं नव्हतं. तिचं म्हणणं, त्याच्या लॅपटॉपवरची लायब्ररी जुनी आहे. त्याचं म्हणणं, हिने कुठेतरी एक ओळ बदलली आणि विसरली.

प्रकरण समजायला थोडी पूर्वपीठिका हवी.

काही स्फटिकांत तीव्र प्रकाश शिरला की त्याच्या दुप्पट वारंवारितेचा प्रकाश तयार होतो. १९६१ साली मिशिगन विद्यापीठात फ्रँकेन आणि सहकाऱ्यांनी माणकाच्या लेसरचा ६९४.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश क्वार्ट्झमध्ये सोडला आणि ३४७.२ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मिळवला. त्या शोधनिबंधातल्या छायाचित्राची गोष्ट आमच्या वर्गात दरवर्षी व्हायची. दुप्पट वारंवारितेचा ठिपका इतका पुसट होता, की छपाईच्या वेळी तो डाग समजून काढून टाकला गेला, असं सांगतात. छापील चित्रात बाण आहे, पण तो मोकळ्या जागेकडे रोखलेला. आमच्या प्रकरणात याच्या उलट झालं. जो खरोखर डाग होता त्यालाच आम्ही ठिपका समजून बसलो, आणि खरा ठिपका त्याच्या मागे लपला होता.

या परिणामाला वर्गीय अरेषीयता म्हणतात, कारण स्फटिकाचा प्रतिसाद विद्युत क्षेत्राच्या वर्गावर अवलंबून असतो. दोन रंग एकमेकांना सतत शक्ती देत-घेत राहतात. इन्फ्रारेडमधून हिरवा होतो, हिरव्यातून पुन्हा इन्फ्रारेड. प्रकाशाची अरुंद शलाका मोकळी सोडली तर विवर्तनाने पसरते, पण ही देवघेव नीट बसली तर दोन रंग एकमेकांना धरून ठेवतात आणि शलाका न पसरता पुढे जाते. हा झाला वर्गीय सॉलिटॉन. कारामझिन आणि सुखोरुकोव्ह यांनी त्याचं गणित १९७४ मध्ये मांडलं. प्रयोगात तो दिसायला १९९५ उजाडलं. टोरुएलास, स्टेगमन आणि सहकाऱ्यांनी तो केटीपी (पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेट) स्फटिकात दाखवला. काचेतल्या नेहमीच्या केर परिणामात, म्हणजे तीव्र प्रकाश काचेचा अपवर्तनांक वाढवतो तेव्हा, शक्ती वाढवली की दोन मितींमधली शलाका स्वतःच्याच केंद्राकडे कोसळते. वर्गीय सॉलिटॉन तसा कोसळत नाही, म्हणून त्याचं लोकांना अप्रूप.

आमच्या मुलांचा विषय याच्या जरा बाजूचा होता. स्फटिकाची अरेषीयता सगळीकडे सारखी नसेल तर? टोकाचं उदाहरण घ्या: सगळा स्फटिक रेषीय, फक्त मधोमध एक पातळ अरेषीय पट्टी. तेल अवीवचे मालोमेद, आरिए आणि त्यांचे सहकारी यांनी २०११ मध्ये अशा पट्ट्यांनी धरून ठेवलेल्या सॉलिटॉनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मला हा प्रश्न आवडतो तो एका साध्या कारणासाठी. पट्टीबाहेर प्रकाशाला धरणारं काहीच नाही. बाहेर जे दिसतं ती नुसती शेपटी. पकड सगळी एका रेषेवर.

आणि पट्टी शून्य जाडीची मानली तर उत्तर कागदावर, चार ओळींत येतं. म्हणून तर मी मुलांना ते आधी हाताने काढायला लावलं होतं.

पट्टीच्या दोन्ही बाजूंना दोन्ही रंगांची क्षेत्रं घातांकी उतरत जातात आणि पट्टीवर त्यांना टोक येतं, वाळूच्या ढिगाला येतं तसं. टोकाशी उतार किती बदलतो यावरून उंची ठरते. प्रसारणाचा स्थिरांक, म्हणजे पुढे जाताना शलाकेची कला (फेज, लाटेची चढ-उतारातली स्थिती) किती झपाट्याने बदलते तो आकडा, क घ्या, दोन रंगांच्या कलांमधली तफावत म घ्या. हिरव्याची उंची √(२क) निघते आणि इन्फ्रारेडच्या उंचीचा वर्ग ४√(क(४क + म)). यातून एकूण शक्ती श मिळते. म = −१ असताना ४क − १ ला स म्हटलं, तर

श = ३√२ × √स + √२ ÷ √स

इतकंच. या सूत्राकडे नीट बघा, सगळं प्रकरण त्यात आहे. पहिलं पद स बरोबर वाढतं, दुसरं घटतं. म्हणजे श ला तळ असणार. तो स = १/३ वर, म्हणजे क = १/३ वर येतो आणि तिथे श = २√६, सुमारे ४.९०. याच्या खाली शक्ती दिली तर सॉलिटॉनच नाही. याच्या वर दिली तर एक नाही, दोन सॉलिटॉन आहेत, त्याच शक्तीचे. एक तळाच्या डावीकडचा, एक उजवीकडचा.

मुलांनी सिम्युलेशनसाठी क = ०.३ निवडला. का? आकडा सुटसुटीत म्हणून. मीही हो म्हटलं. तिथे श ५.०६ येते. तेवढ्याच शक्तीचा दुसरा सॉलिटॉन क = ७/१८ वर, म्हणजे ०.३८९ च्या आसपास आहे. हे मात्र तेव्हा आमच्यापैकी कुणी काढलं नव्हतं. सूत्र वहीत होतं, आलेख कुणी काढला नव्हता.

आता तो रविवार.

पहिला संशय लायब्ररीवर. दोन्हीकडे एकच आवृत्ती चढवली, निकाल तोच. दुसरा संशय आकड्यांच्या अचूकतेवर. तिने दुहेरी अचूकता वापरली आहे ना? वापरली होती. तिसरा पुढे सरकण्याच्या पावलावर. पाऊल निम्मं केलं, चतकोर केलं, काही फरक नाही.

खारघरने मग एक वेगळीच तक्रार काढली. दोन रंगांच्या क्षेत्रांचे वर्ग घेऊन तो एकूण शक्ती मोजत होता आणि ती वरखाली होत होती. "सर, शक्तीच टिकत नाहीये, म्हणजे प्रोग्राम मुळातच चुकीचा." यात दोन दिवस गेले. आम्ही समीकरणं ज्या मापात लिहिली होती त्यात टिकणारी राशी म्हणजे इन्फ्रारेडचा वर्ग अधिक चारपट हिरव्याचा वर्ग. वर मी जी श लिहिली तीच. चारने गुणल्यावर आलेख सपाट झाला. ही चूक किरकोळ होती, पण तिने एक गोष्ट कळवली: प्रोग्रामचं देवघेवीचं गणित बरोबर आहे.

यानंतरचा आठवडा मी वाया घालवला, तेव्हा तो माझ्या नावावर लिहितो. मला खात्री होती की दोष पटाच्या, म्हणजे प्रोग्राम जेवढ्या रुंदीत प्रकाश मोजतो त्या टापूच्या, कडांचा आहे. आमचा प्रोग्राम प्रकाश साध्या लाटांच्या बेरजेने मांडतो, त्या फूरिये पद्धतीत पटाची उजवी कड डाव्या कडेला शिवलेली असते. उजव्या दाराने बाहेर गेलेला प्रकाश डाव्या दाराने पुन्हा घरात येतो. मी म्हटलं, उजव्या लॅपटॉपवरचे ते ठोके म्हणजे परत आलेला प्रकाश पट्टीवर आदळतोय, दुसरं काही नाही. दोन्ही कडांना शोषून घेणारा थर बसवायला लावला. चित्रं स्वच्छ झाली, पार्श्वभूमीतली बारीक रेघांची नक्षी नाहीशी झाली. निकाल जागच्या जागी. डावीकडे विरला, उजवीकडे ठोके.

शिक्षकाला आपलं निदान सोडवत नाही. मी थर आणखी जाड करायला लावला. तेव्हा ऐरोली हळूच म्हणाली, "सर, कडेपाशी काही पोचायच्या आतच माझा विरायला लागतो." आलेख बघितला, तिचं खरं होतं.

मग जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. पट्टी काढून टाकली. अरेषीयता सगळीकडे एकसारखी ठेवली आणि कारामझिन-सुखोरुकोव्ह यांचं अचूक उत्तर सोडलं. तफावत −३ आणि क = १ असेल तर दोन्ही रंगांचा आकार सेच-स्क्वेअर नावाच्या घंटेसारख्या वक्राचा येतो, हिरव्याची उंची १.५, इन्फ्रारेडची त्याच्या √२ पट, एकूण शक्ती १८√२, म्हणजे २५.४६. दोन्ही लॅपटॉपवर शलाका सुतासारखी सरळ गेली, शक्ती दोन्हीकडे २५.४६. म्हणजे लायब्ररी, पाऊल, कडा, देवघेव, सगळं निर्दोष. दोष असलाच तर तो पट्टीत, दुसरीकडे कुठे नाही.

प्रोग्राममध्ये पट्टीची एकच ओळ होती. केंद्रापासून ०.०५ पर्यंत अरेषीयता १०, त्यापलीकडे शून्य. रुंदी ०.१, उंची १०, क्षेत्रफळ, म्हणजेच पट्टीचं एकूण बळ, १. शून्य जाडीच्या पट्टीची नक्कल म्हणून ही ठीकच वाटते. आणि दोन लॅपटॉपमध्ये फरक एकच होता, जो दोघांनाही माहीत होता आणि दोघांनाही फरक वाटला नव्हता. पटाची रुंदी दोन्हीकडे ४०, पण ऐरोलीने त्यावर २०४८ बिंदू घेतले होते आणि खारघरने ४०९६. त्याचा लॅपटॉप नवा, म्हणून त्याने जाळी बारीक केली. "माझं जास्त अचूक असणार ना, सर?" असं तो पहिल्या दिवसापासून म्हणत होता. मीही मनातून त्याच्याच बाजूचा होतो.

उलगडा झाला तो कागदावर. माझी बायको दारात रांगोळी काढते, ठिपक्यांची. टेबलावर पसरलेल्या आलेखाच्या कागदावर मी पट्टी आणि तिच्यात पडणारे बिंदू काढत होतो, ती चहा ठेवायला आली आणि म्हणाली, "पाच ठिपके घातलेत, पण घरं चारच होतात की." एवढं बोलून ती गेली. तिला आमच्या सॉलिटॉनशी काही देणंघेणं नव्हतं. मी मात्र पेन्सिल खाली ठेवली.

ऐरोलीच्या जाळीत दोन बिंदूंमधलं अंतर ४० भागिले २०४८, म्हणजे ०.०१९५. केंद्रावर एक बिंदू, दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्टीत बसतात, तिसरा ०.०५८६ वर, म्हणजे बाहेर. एकूण ५. पण प्रोग्राम प्रत्येक बिंदूला एक पूर्ण घर देतो, कडेच्या बिंदूलासुद्धा. ५ गुणिले ०.०१९५ गुणिले १० म्हणजे ०.९७७. तिची पट्टी हव्या त्यापेक्षा सव्वादोन टक्क्यांहून थोडी जास्तच दुबळी. खारघरच्या जाळीत अंतर ०.००९७७, दोन्ही बाजूंना पाच-पाच बिंदू बसतात, पाचवा ०.०४८८ वर, कडेला जेमतेम आत. एकूण ११. बेरीज १.०७४. त्याची पट्टी जवळजवळ साडेसात टक्के जास्त बलवान.

म्हणजे बारीक जाळीचाच दोष मोठा होता. खारघरचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने तिथल्या तिथे बाकीच्या जाळ्यांचे आकडे काढले. ५१२ बिंदूंना ०.७८१, १०२४ ला १.१७२, २०४८ ला ०.९७७, ४०९६ ला १.०७४, ८१९२ ला १.०२५. एकदा खाली, एकदा वर, पुन्हा खाली. जाळी बारीक करत गेलं की उत्तर एका बाजूने जवळ येतं, ही आपली सवयीची समजूत धारदार कडेच्या पट्टीला लागू पडत नाही. कडेवरचा एक बिंदू आत की बाहेर, यावर हिशेब उडी मारतो. ५१२ आणि १०२४ लगेच चालवून बघितले. ५१२ वर विरला, १०२४ वर टिकला. भांडण मिटलं, कारण आता दोघंही सारखेच चुकले होते.

पण इथे एक प्रश्न उरतो, आणि प्रकरणाचा खरा गाभा तोच. सव्वादोन टक्के इकडे, साडेसात टक्के तिकडे, एवढ्याशा फरकाने शलाकेचं नशीब का पालटावं? बळ थोडं कमी-जास्त असेल तर सॉलिटॉन थोडा रुंद किंवा थोडा अरुंद व्हायला हवा. एकसारख्या स्फटिकात तसंच होतं. तिथे हीच चूक कुणाच्या लक्षातही आली नसती.

म्हणून मग तो आलेख काढला, जो आधीच काढायला हवा होता. श विरुद्ध क. डावीकडून उतरता, १/३ वर तळ, पुढे चढता. वाखितोव्ह आणि कोलोकोलोव्ह यांनी १९७३ मध्ये दिलेली कसोटी सांगते, की क वाढताना शक्ती वाढत असेल तर सॉलिटॉन टिकाऊ, घटत असेल तर अस्थिर. क पाव ते एक तृतीयांश या चिंचोळ्या टापूत आलेख उतरता आहे. आमचा ०.३ बरोबर त्यात बसतो. आम्ही पेन्सिल टोकावर उभी करून, ती कुठल्या बाजूला पडते यावर महिनाभर वाद घालत होतो.

पट्टीचं बळ घटलं की लागणारी किमान शक्ती बळाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. ऐरोलीकडे ०.९७७ चा वर्ग ०.९५५, म्हणून किमान शक्ती ४.९० वरून ५.१३ वर गेली. तिने दिली होती ५.०६. तिच्या पटावर सॉलिटॉन शक्यच नव्हता, शलाका विरणारच. खारघरकडे हा उंबरठा ४.२५ वर उतरला. त्याची शलाका उंबरठ्याच्या बरीच वर होती, ती आलेखाच्या उजव्या, चढत्या, टिकाऊ फांदीकडे घसरली आणि तिथे पोचताना जास्तीची शक्ती झटकत ठोके देत राहिली. ते ठोके खरे होते. कडांवर माझा आठवडा गेला तो त्यांच्याचपायी.

या टापूत अस्थिरता का येते, हे शेपटीवरून समजतं. क पावाच्या जवळ आला की स शून्याकडे जातो आणि हिरव्या रंगाची शेपटी लांबच लांब होते. क = ०.३ ला ती सुमारे १.६ एकक अंतरावर कुठे एक भागिले ई, म्हणजे सुमारे ३७ टक्के, इतकी उतरते, आणि पट्टी आहे ०.१ रुंदीची! मुलांना मी दोन्ही रंगांचे वाटे वेगळे काढायला लावले. क = ०.३ ला एकूण ५.०६ पैकी इन्फ्रारेड १.२६ आणि हिरवा ३.८०, म्हणजे तीन चतुर्थांश शक्ती हिरव्यात, आणि तीही बहुतेक पट्टीबाहेर, जिथे तिचा धरून ठेवायला काही उपयोग नाही. तेवढ्याच शक्तीच्या टिकाऊ सॉलिटॉनमध्ये, क = ७/१८ ला, हिरव्याचा वाटा २.९५, म्हणजे ५८ टक्के. आणि नेमक्या तळावर, क = १/३ ला, तो वाटा बरोबर दोन तृतीयांश भरतो. हे ऐरोलीने शोधलं, मी सांगितलं नव्हतं. दोन तृतीयांशापेक्षा जास्त शक्ती हिरव्यात अडकली की पकड सुटते. शून्य जाडीच्या पट्टीसाठी आणि ऋण तफावतीसाठी हे चोख आहे. म = ० घेतलं तर श = ६√२ × √क, सतत चढता आलेख, ही भानगडच नाही. आम्ही म शून्य घेतलं असतं तर पट्टीची चूक तशीच राहिली असती आणि प्रबंध बिनबोभाट पास झाला असता. असे किती झाले असतील, असं मनात येऊन गेलं.

दुरुस्ती सोपी होती. पट्टीची धारदार कड काढून तिथे गोलसर घंटेचा आकार दिला, त्याची रुंदी जाळीच्या अंतराच्या कितीतरी पट ठेवली, आणि बिंदूंवरची बेरीज गुणिले अंतर नेमकं १ येईल असं भागून घेतलं. मग दोन्ही लॅपटॉपवर एकच निकाल: विरला. खारघर नाराज. "म्हणजे ऐरोलीचं बरोबर होतं?"

नव्हतं. तिचं उत्तर बरोबर आलं, पण चुकीच्या कारणाने. पट्टीला जाडी असली की तिच्यातले सगळे बिंदू शलाकेच्या टोकावर नसतात, थोडे उतारावर असतात, म्हणून पकड थोडी ढिली पडते आणि उंबरठा थोडा वर सरकतो. शून्य जाडीच्या पट्टीसाठी काढलेली ५.०६ ही शक्ती खऱ्या पट्टीला अपुरी पडते. म्हणून प्रश्नच बदलला. आता त्या जाड पट्टीसाठी सॉलिटॉन कागदावरून न घेता न्यूटन पद्धतीने, म्हणजे अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत, संगणकावर नेमका काढला, आणि मग त्याला मुद्दाम धक्का दिला. दोन्ही क्षेत्रांची उंची १ टक्क्याने कमी केली, शलाका विरली. १ टक्क्याने वाढवली, ठोके देत टिकली. दोन्ही लॅपटॉपवर, २०४८ वर, ४०९६ वर, सगळीकडे तेच. मग क = ०.४ घेतला, तोच १ टक्का खाली, तोच वर, आणि दोन्ही वेळा शलाका थोडी हलून जागेवर आली.

म्हणजे रविवारचे दोन निकाल परत आले, हुबेहूब तेच. फरक इतकाच, की पहिल्या वेळी धक्का कुणी दिला हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि आता तो आम्ही दिला होता.

ऐरोलीने विचारलं, "पण सर, खऱ्या स्फटिकात पट्टी कोण एवढी अचूक करून देणार?" हा प्रश्न मला फार आवडला, कारण प्रोग्राममधली चूक आणि कारखान्यातली चूक इथे एकाच जातीची आहे. लिथियम नायोबेटमध्ये अशी पट्टी करायची तर साधारण असं करतात. मिलिमीटरला सुमारे २१ किलोव्होल्ट एवढं विद्युत क्षेत्र देऊन स्फटिकाची दिशा ठरावीक अंतराने उलटवत नेतात. अर्ध्या मिलिमीटरच्या चकतीला साडेदहा हजार व्होल्टच्या घरात लागतात. १०६४ नॅनोमीटरपासून ५३२ चा हिरवा करायचा तर ही उलटसुलट रचना दर सुमारे ७ मायक्रॉनला पुन्हा यावी लागते. अशी आखणी केलेल्या भागात दोन रंगांची कला जुळत राहते. आखणी नसलेल्या भागात देवघेव क्षणात सुरू होते आणि क्षणात उलटते, निव्वळ हाती काही लागत नाही. म्हणजे आखणी फक्त मधल्या पट्ट्यात केली की झाली आपली अरेषीय पट्टी. बाहेरचा भाग अगदी रेषीय होत नाही, मोठ्या तफावतीमुळे केर परिणामासारखा एक बारीकसा अवशेष उरतो, तो आमच्या प्रारूपात धरलेला नाही.

आखणीत उलट्या आणि सुलट्या पट्ट्यांची रुंदी निम्मी-निम्मी असेल तर बळ सर्वांत जास्त, मूळ अरेषीयतेच्या २ भागिले पाय (π) इतकं, म्हणजे ६४ टक्के. प्रमाण ५०-५० ऐवजी ४५-५५ झालं तर बळ सव्वा टक्क्याने घटतं. ४०-६० झालं तर पाच टक्क्यांनी, आणि उंबरठा बळाच्या वर्गावर, म्हणून तो दहा टक्क्यांच्या आसपास वर जातो. ऐरोलीच्या पाच ठिपक्यांनी जी घट केली ती या दोन्हींच्या मधली. तळाजवळचा, उतरत्या फांदीवरचा सॉलिटॉन प्रयोगशाळेत कुणी पकडू बघेल तर पट्टीतली एवढीशी खोट त्याचा निकाल फिरवेल. चढत्या फांदीवर बसला तर खुशाल ४५-५५ असू दे. उलट, हेच प्रमाण आडव्या दिशेत हळूहळू बदलत नेलं तर बळ हवं तसं आखता येतं, मध्ये जास्त आणि कडेला कमी. धारदार कडेची पट्टी हा त्यातला फक्त सर्वांत साधा प्रकार.

प्रबंधात हे सगळं कसं लिहायचं यावरून पुन्हा वाद झाला. खारघरला पाच ठिपक्यांची कहाणी परिशिष्टात ढकलायची होती, परीक्षकांना चूक दिसू नये म्हणून. ऐरोलीला ती मुख्य प्रकरणात हवी होती. मी ऐरोलीच्या बाजूने मत दिलं, थोडं माझ्या शोषक थराच्या आठवड्याची भरपाई म्हणूनही. शेवटी पाच जाळ्यांचे पाच आकडे एका तक्त्यात घातले, शेजारी प्रत्येकाचा उंबरठा, आणि त्याखाली श विरुद्ध क चा आलेख, ५.०६ वर आडवी रेघ मारून. ती रेघ आलेखाला दोन ठिकाणी छेदते. ८१९२ च्या ओळीपुढे निकालाचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. तिथे जास्तीचं बळ आणि पट्टीच्या जाडीमुळे होणारी घट एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात, शलाका अगदी धारेवर येते, आणि "असं लिहिलं तर बरं नाही दिसत" असं खारघरचं मत पडलं. मी वाद घातला नाही.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बाकी सगळं सोडून तो रिकामा रकानाच विचारला. दोघांनी मिळून उत्तर दिलं, म्हणे. काय दिलं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं.

परवा ऐरोलीचा निरोप आला, रात्री अकराला. आता दोन समांतर पट्ट्या घ्यायच्या आहेत, मध्ये थोडं अंतर ठेवून, शलाका एकीवर बसते की दोन्हींवर वाटून राहते ते बघायला. खाली एकच ओळ होती: "बेरीज आधी छापून बघितली सर, दोन्हींची १.०००."